एकोणपन्नास नंबरचा दात

—नाही काका, थुंकू नका. कडवट लागतंय तेवढं गिळून टाका, इंजेक्शनचं औषध आहे, विष नाही. मान मागे टेका. हं, अशी. मोठे सर शेजारच्या खोलीत एका आजींच्या कवळीचं माप घेतायत, दहा मिनिटांत येतील. तोवर ओठ जड होईल, जीभ अर्धी मेल्यासारखी होईल, मग सर दाढ काढतील आणि तुम्ही मोकळे. बोलायचा प्रयत्न करू नका, शब्दांचा नुसता लगदा होतो. गेले दोन महिने या खुर्चीत तुम्हीच बोलत होतात — आज माझी पाळी. मी कोण? घ्या! आठ वेळा आलात आणि मी कोण ते माहीत नाही. थुंकी ओढायची नळी धरून तुमच्या डाव्या खांद्यापाशी उभी असते ना, ती मी. तुम्हाला दिसले नाही, कारण तुमचे डोळे कायम उजव्या खांद्यापाशी. उजव्या खांद्यापाशी मॅडम असतात.

असतात कसलं, असायच्या. तीन दिवस झाले, सरांनी त्यांना पेशंट बघायला बंदी केलीय. आजसुद्धा आल्यात, मागच्या खोलीत बसल्यात, हत्यारं उकळायच्या मशिनपाशी स्टुलावर — दुपारी सर ठरवणार, ठेवायचं की काढायचं. तुमच्या पत्रावरून. काय सुरेख पत्र हो! मुख्याध्यापक होतात ना, अक्षर कसं फळ्यावर लिहिल्यासारखं. वर 'विषय', खाली रेघ. सरांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांनी ते मला वाचायला लावलं. मोठ्याने. मॅडमच्या समोर. "सदर डॉक्टर माझ्याशी हसून बोलत असत." "सदर डॉक्टरांच्या वागण्यात व्यवसायास न शोभणारी जवळीक आढळली." "मी प्रतिसाद न दिल्यामुळे माझ्या दुखऱ्या दाढेकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करण्यात आले." हेतुपुरस्सर! माझी वाचताना जीभ अडखळली तर सर म्हणाले, नीट वाच. नीट वाचलं मी. पाठ झालंय.

हसल्या होत्या, खरंय. तेवढं एक वाक्य पत्रात खरं आहे. पहिल्या खेपेला. वरच्या डाव्या दातात खरोखरची कीड होती, मॅडमनी ती भरली, आणि तोंड धुता धुता तुम्ही म्हणालात — "डॉक्टर, दात दुखला की तुमची आठवण येईल की तुमची आठवण आली की दात दुखेल, हे आता मलाच कळणार नाही." हसल्या त्या. नव्या पेशंटपुढे तोंड पाडून बसायचं का? आणि वडिलांच्या वयाचा माणूस, पांढरे कल्ले, शर्टाच्या खिशात पेन — गंमत करत असेल, असं कुणालाही वाटेल. मला नाही वाटलं, पण माझं मन आधीपासूनच काळं आहे. त्या हसण्याचं तुम्ही पुढे काय केलंत बघा. जपून ठेवलंत. वहीत दाबून ठेवलेलं पान काढावं तसं दोन महिन्यांनी काढलंत आणि चिकटवलंत पत्रात.

मग दर मंगळवारी दाढ दुखायला लागली. खालची, उजवी, अगदी मागची. मॅडम ठोकून बघायच्या — दुखतं? "इतकं नाही." गार पाणी मारायच्या — झिणझिण्या? "तुम्ही मारलं की नाही येत." एक्स-रे काढला, अक्कलदाढ सरळसोट उभी, खालचं हाड दगडासारखं. मॅडम म्हणायच्या, काका, दात छान आहे तुमचा. "काका म्हणू नका हो, अजून दोन्ही गुडघे शाबूत आहेत." हे दुसऱ्या मंगळवारी. तिसऱ्या मंगळवारी — "हातमोजे काढून बघा ना, रबराला काय कळतं." चौथ्या — "दाढ नाही हो दुखत, दुसरंच काहीतरी दुखतंय, त्याचा एक्स-रे निघतो का?" प्रत्येक वेळी मॅडमचं ठरलेलं. काका, तोंड उघडा. काका, चूळ भरा. काका, काकूंना नाही आणलंत? वीट रचावी तसा एकेक काका रचत होत्या बिचाऱ्या. त्यांना वाटायचं, नातं मध्ये घातलं की माणूस आपोआप दोन पावलं मागे सरकतो. मी त्यांना म्हटलं, मॅडम, हा माणूस काकाने सरकायचा नाही, आजोबा म्हणा. हसू नका काका, आजोबा मीच म्हटलं होतं तुम्हाला, पाचव्या वेळी, चूळ भरायचा पेला देताना. आठवतंय? पेला सांडलात तुम्ही.

तर पहिल्या खेपेनंतरच आम्ही एक युक्ती काढली होती. आम्ही म्हणजे मीच. शिकवू का? चाळीस वर्षं तुम्ही शिकवलंत, आता दहा मिनिटं बसा विद्यार्थी होऊन. तोंडाचे चार भाग. प्रत्येक भागात आठ दात. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. खालचा उजवा भाग चौथा — म्हणजे एक्केचाळीस, बेचाळीस, असं मागे मागे जात शेवटची अक्कलदाढ, अठ्ठेचाळीस. बास, तोंड संपलं. पुढे गाल. एकोणपन्नास नंबरचा दात देवाने कुणालाच दिलेला नाही. म्हणून आम्ही तो घेतला. मॅडम म्हणाल्या, "अगं, जरा एकोणपन्नास बघ" — की याचा अर्थ, हातातलं सोड, इथून हलू नकोस, मला या माणसाबरोबर एकटीला ठेवू नकोस. पेशंटला वाटतं दाताचं चाललंय. आणि तो गेला की मी त्याच्या कार्डावर लिहायची, तारीख घालून — ४९, लक्ष ठेवणे. तुमच्या कार्डावर सहा वेळा आहे. सहा मंगळवार. पत्र लिहिणाऱ्याला वाटतं लिहिणारा तो एकटाच.

मला कसं माहीत हे सगळं? अहो, मी डेंटल कॉलेजात होते. तिसऱ्या वर्षापर्यंत. मोठे प्रोफेसर एका पेशंटचा भलताच दात काढायला निघाले होते, चिमटा लावलेला, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर, हा नाही, शेजारचा. दात वाचला. मी नाही वाचले. लेखीत पास, तोंडी परीक्षेत नापास. पुन्हा बसले, पुन्हा तोंडीत नापास. तिसऱ्यांदाही तेच. लोक विचारतात काय झालं, मी सांगते, तोंडाचा दोष. आमचे पिताश्री काय म्हणाले माहितीय? "दात त्या माणसाचा होता, तुझ्या बापाचा होता का? गप्प बसली असतीस तर आज डॉक्टर असतीस." तुमच्या वयाच्या माणसांकडे हे एकच औषध. पोट दुखलं, गप्प बस. कुणी हात धरला, गप्प बस. आणि पोरं गप्प बसली की पुन्हा तुम्हीच भाषणं ठोकणार, हल्लीच्या पिढीत धमक नाही. किती वर्षं प्रार्थनेच्या वेळी ठोकलंत ते भाषण? जाऊ दे. ओठ जड झाला का? हा चिमटा लावला इथे — कळला? नाही ना? छान.

सातवा मंगळवार. मॅडम दोनदा म्हणाल्या. "अगं, एकोणपन्नास बघ." मग परत, जरा मोठ्यांदा — "एकोणपन्नास बघतेस ना?" आणि शेजारून मोठे सर ओरडले, "अगं ए, हे प्लास्टर इथे दगड होतंय, येतेस की नाही?" आणि मी... गेले. काय करणार? पगार ते देतात, हाक ते मारतात. असं मी तीन दिवस स्वतःला सांगतेय. खरं सांगू? दाराशी मी वळून बघितलं. मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, आलेच. चार मिनिटं. एका माणसाच्या कवळीचं प्लास्टर ढवळत चार मिनिटं. परत आले तर आरसा जमिनीवर पडलेला आणि मॅडम बेसिनपाशी उभ्या, हात धुतायत — हातमोजे न काढता. नुसतं पाणी सोडलंय रबरावर, साबण नाही, काही नाही. मोज्याच्या वर मनगटावर चार बोटं उठलेली. आणि तुम्ही? इथेच. गळ्यात हाच कागदी रुमाल, डोळे दिव्याकडे, लहान बाळासारखे. मॅडम एवढंच म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळेपासून तुम्हाला मोठे सर बघतील." आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं पत्र हजर. विषय, खाली रेघ.

सरांना सांगितलं त्यांनी सगळं. सर म्हणाले, वडीलधारे गृहस्थ आहेत, समाजात मान आहे, तुझ्याकडे पुरावा काय? मग कार्ड काढलं, पानं उलटली, आणि काय बघितलं? सहा वेळा एकोणपन्नास. "साधा दाताचा नंबर लिहिता येत नाही तुला? अठ्ठेचाळीसला एकोणपन्नास लिहितेस? पेशंट दोन महिने अक्कलदाढ दुखतेय म्हणून येतोय आणि तू नुसतं लक्ष ठेवतेस?" झालं. एक्स-रे खिडकीकडे धरला, 'हं' केलं — अक्कलदाढ म्हटलं की ते तेवढंच बघतात — आणि तुम्हाला फोन लावला, या, मी स्वतः काढतो. आणि मॅडम गप्प. एकोणपन्नास म्हणजे काय ते सांगितलं असतं तर अक्षर कुणाचं तेही सांगावं लागलं असतं. ते माझं आहे. पेशंटच्या कार्डावर खोटी नोंद — त्याच दिवशी घरी. माझ्याकडे पदवी नाही, दुसरं काही येत नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्या तिथे स्टुलावर बसल्यात आणि मी इथे उभी आहे.

आणि मी म्हणून गप्प राहिले तीन दिवस. नाही, भीतीने नाही. म्हणजे, भीतीनेही. पण मी ठरवलं होतं, काढू दे दाढ. ठणठणीत दाढ. तुम्ही दुखते म्हणालात ना? भोगा. काकू मघाशी माझ्यापाशी नाव लिहायला आल्या तेव्हा काय म्हणाल्या माहितीय? "बाई गं, दाढ दुखते म्हणतात आणि अक्रोड त्याच बाजूने फोडतात, अडकित्त्याची गरज नाही यांना." मी म्हटलं, काकू, आजपासून लागेल. इतकं गोड वाटलं हो मला ते म्हणताना. मी ती हत्यारं स्वतः मांडलीत, बघा, त्या हिरव्या कापडाखाली. एकेक पुसून. आता तुमच्यापुढे दोनच रस्ते. सर आले की सांगायचं, ही दाढ कधी दुखतच नव्हती, मी खोटं बोललो, मग पत्रही खोटं आणि मॅडम सुटल्या. नाहीतर गप्प बसायचं आणि जन्मभर त्या खड्ड्यात जीभ घालून माझी आठवण काढायची. ठरवा. घाई नाही, चार-पाच मिनिटं आहेत.

हसताय? अर्ध्याच तोंडाने हसताय, उजवी बाजू लोंबतेय, कसे दिसताय ते आरशात दाखवू का? हसायला काय झालं? दाढ जाणार तुमची. दाढ जाणार आणि... थांबा. दाढ जाणार. सर काढणार. आणि कार्डावर लिहिणार — अठ्ठेचाळीस, काढली. म्हणजे ती काढण्यासारखी होती. म्हणजे तुम्ही दोन महिने खरंच सांगत होतात आणि मॅडमनी खरंच दुर्लक्ष केलं. हेतुपुरस्सर. अच्छा. अच्छा! दाढ बाहेर आली की पत्र खरं झालं. म्हणून खुर्चीत असे ऐसपैस बसलात. मी तीन दिवस जीभ चावून सूड शिजवतेय आणि तो तुमच्याच ताटात पडतोय. एक दाढ टाकून एका बाईचा आयुष्यभराचा धंदा बुडवायचा — वा! स्वस्तात पडलं. कशासाठी पण? काका म्हटलं म्हणून? तोंड उघडताय? मी नाही सांगितलं उघडायला. मिटा. मिटा म्हणते ना!

—या सर. हो, सुन्न झालंय. ओठ, जीभ, सगळं. हो, हत्यारं मांडलीत. दिवा खाली घेऊ? घेतला. नळी? धरलीय. 

सर, थांबा.

थांबा म्हटलं, चिमटा लावू नका. दाढ चांगली आहे. एक्स-रे परत बघा, खिडकीकडे नको, त्या दिव्याच्या पेटीवर लावून बघा. नाही, मॅडम चुकल्या नाहीत. नंबर लिहायला त्या चुकल्या नाहीत, अठ्ठेचाळीस लिहायचंच नव्हतं. ते अक्षर त्यांचं नाहीच — सहा ओळी वाचता येतील एवढं तरी नीट बघा, चष्मा लावा, तुमच्या डोक्यावर आहे. माझं अक्षर आहे ते. एकोणपन्नास नंबरचा दात नसतो हे मला माहीत आहे सर, तीन वर्षं शिकलेय मी. त्याचा अर्थ, या माणसाजवळ मला एकटीला सोडू नकोस. सहा वेळा त्या म्हणाल्या, सहा वेळा मी थांबले, तारखा आहेत. सातव्या मंगळवारचं कार्डावर नाहीये. का नाहीये विचारा ना. तुम्ही हाक मारलीत. प्लास्टर दगड होत होतं. मी तिकडे होते तेवढ्यात याने मॅडमचं मनगट धरलं, चार बोटं मी डोळ्यांनी बघितलीत, लिहून देते, सही करते, अंगठा हवा तर अंगठा देते. बाहेर? हो, सगळं बाहेर ऐकू जातंय, दार उघडंच आहे. मीच उघडं ठेवलंय, तुम्ही आत आलात तेव्हापासून. काकू उभ्या राहिल्यात. हो काकू, नीट ऐकलंत. काय, सर? घरी जाऊ? जाते. एप्रन काढते, दोन मिनिटं. मॅडमना बोलावू? नाही, ते तुम्ही बोलवा. हाक मारायची सवय तुम्हाला आहे.

उठा काका. दिव्याला डोकं लागेल, जपून. कागदी रुमाल काढा गळ्यातला, इथे टाका. बडबडू नका, कुणालाच कळत नाहीये. आणि दोन तास काही खाऊ नका — गाल सुन्न आहे, दाताखाली आला तर रक्त निघेपर्यंत चावाल आणि पत्ता लागणार नाही. दोन तासांनी उतरेल औषध. मग कळेल कुठे कुठे चावलंय ते. चला, काकू वाट बघतायत. दार लावू नका.